एक शाल, दोन वक्ते: फोंड्यातील एका ज्येष्ठ अभ्यासमंडळाचे हस्तांतर

जुलैतला बुधवार, दुपारचे चार. फोंड्यातल्या देवस्थानच्या सभागृहात पाच मिनिटांच्या अंतराने दोन वक्ते आले. एक मडगावहून कदंबाच्या बसने, भिजलेली छत्री झटकत; दुसरे पणजीहून स्वतःच्या गाडीने. एकाला मंडळाच्या नव्या कार्यवाहांनी बोलावले होते. दुसऱ्यांना मंडळ सुरू करणाऱ्या जुन्या मास्तरांनी मार्चमध्येच शब्द दिला होता. टेबलावर शाल एक, नारळ एक, गुलाब एक. समोर एकवीस श्रोते.

"मास्तर, तुम्ही कुणाला सांगून ठेवलं होतं का?"
"अहो, ते तर कधीचंच ठरलेलं. वहीत आहे."

वही मास्तरांच्या घरी होती.

हे प्रकरण कोणा एका मंडळाचे नाही. निवृत्तांनी निवृत्तांसाठी चालवलेल्या गटांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून ते रचले आहे आणि फोंडा परिसरात बेतले आहे. माणसे आणि मंडळाचे आकडे नमुन्याचे आहेत. कायदा, बँक, ऋतू आणि बसचे वास्तव मात्र जसे आहे तसेच घेतले आहे.

मंडळ काय होते

एका निवृत्त मुख्याध्यापकांनी चौदा वर्षांपूर्वी ते सुरू केले. दर बुधवारी ४ ते ६ एक व्याख्यान, मग चहा. वर्षाला साधारण ४४ बैठका. चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दोन आठवडे, दिवाळी आणि माघातल्या कवळे-मंगेशीच्या जत्रांचे बुधवार सुट्टी. हजेरीपटावर ६४ नावे, वर्गणी वर्षाला ३०० रुपये. चांगल्या दिवसांत चाळीसेक लोक बसत; त्या जुलैपर्यंत ते वीसवर आले. मास्तर ७९ वर्षांचे झाले, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आणि मे महिन्यात त्यांनी सांगितले, "आता तुम्ही सांभाळा."

जगभरात अशा कार्यक्रमांचे दोन ठळक नमुने आहेत. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ येथे पियेर व्हेला यांनी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' सुरू केले. तिथे विद्यापीठ शिकवते आणि ज्येष्ठ शिकतात. १९८०च्या दशकाच्या आरंभी केंब्रिजमध्ये पीटर लॅस्लेट, मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांनी ही कल्पना घेतली, पण उलटी करून: सदस्यच शिकवणार, सदस्यच शिकणार, परीक्षा नाही, पदवी नाही, मानधन नाही. न्यूयॉर्कमध्ये निवृत्त शिक्षकांनी १९६२ पासूनच याच्या जवळ जाणारा प्रयोग चालवला होता. फोंड्याचे मंडळ नकळत तुलूझच्या जातीचे होते, फक्त मागे विद्यापीठ नव्हते. विद्यापीठाचे सारे काम एकटे मास्तर करीत होते, आणि ते किती आहे हे कोणालाच, बहुधा त्यांनाही, ठाऊक नव्हते.

पहिला प्रयत्न: अकरा पदे, शून्य कामे

मेच्या सर्वसाधारण सभेत टाळ्यांच्या गजरात एकमताने अकरा जणांची कार्यकारिणी झाली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, कार्यवाह, दोन सहकार्यवाह, खजिनदार, चार सदस्य, मास्तर 'मार्गदर्शक'. इतिवृत्त व्यवस्थित लिहिले गेले, सूचक-अनुमोदकांची नावे आली. कोण काय करणार, याची एकही ओळ त्यात नव्हती.

आपल्याकडे पद हा सन्मान असतो आणि सन्मान कोणी नाकारत नाही. उपाध्यक्षांना वाटले, बोलावले की जायचे. सहकार्यवाहांना वाटले, कार्यवाह सांगतील. कार्यवाह निवृत्त बँक अधिकारी, कामाला वाघ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात वक्ते ठरवायला घेतले. पण चौदा वर्षे प्रत्येक पत्रकावर, प्रत्येक फलकावर मास्तरांचाच मोबाईल नंबर छापलेला. वक्ते फोन करीत मास्तरांना, सभागृहवाले मास्तरांना, पाऊस जास्त झाला की "आज आहे का हो?" विचारणारे सदस्यही मास्तरांना. आणि मास्तर उत्तर देत. उत्तर न देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यातूनच ते दोन वक्ते.

त्या दिवशी दोघांनीही अर्धा-अर्धा तास घेतला, शाल पणजीच्या पाहुण्यांना गेली, कारण ते वयाने मोठे. मडगावच्या पाहुण्यांना गुलाब मिळाला. गोष्ट हसण्यावारी गेली, पण पुढच्या पंधरवड्यात कार्यवाहांनी 'प्रकृती'च्या कारणाने रजा घेतली.

बदल घडवण्याची जी पुस्तकी पद्धत शिकवली जाते तिचे मूळ बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या १९४७च्या मांडणीपाशी जाते: गोठलेले आधी वितळवा, हलवा, मग पुन्हा गोठवा. पगारी माणसांच्या कारखान्यात हे जमते. स्वयंसेवी मंडळात न पटलेला माणूस छत्री उचलतो, घरी जातो आणि पुढच्या बुधवारी येत नाही. राजीनामा देत नाही, भांडतही नाही. म्हणून इथे विरोध मोजायचा तर रिकाम्या खुर्च्या मोजाव्या लागतात.

चार बुधवार मास्तरांच्या बाजूला बसून

दुसऱ्या प्रयत्नाची सुरुवात निवडणुकीने झाली नाही. ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधीचे चार बुधवार, दोन सदस्य वही-पेन घेऊन मास्तरांच्या मागे राहिले. सोमवार सकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत ते मंडळासाठी जे जे करतील ते लिहायचे, मध्ये प्रश्न विचारायचा नाही, सुधारणा सुचवायची नाही. एवढाच नियम. लिहिणाऱ्यांपैकी एक निवृत्त परिचारिका होत्या, त्यांना रुग्णाची नोंद ठेवायची सवय. दुसरे वीज खात्यातले. ही जोडी योग्य ठरली. निवृत्त शिक्षकाला हे काम दिले असते तर त्याने तिसऱ्या दिवशी निबंध लिहिला असता.

चार आठवड्यांनी वहीत ४३ कामे जमली. त्यातली निम्म्याहून अधिक कोणाच्या लक्षातही नव्हती. सोमवारी नऊला वक्त्याला आठवण. वक्त्याला फोंडा बसस्थानकावरून कोण आणणार ते ठरवणे. सभागृहाची किल्ली एकच्या आत आणणे, कारण देवस्थानचे कार्यालय एक ते साडेतीन बंद. विजेच्या फलकावरचे तिसरे बटण न दाबणे. बिनसाखरेचे अकरा चहा. कमी ऐकू येणाऱ्या दोघांना पहिल्या रांगेत, पण डाव्या बाजूला, कारण दोघांचाही उजवा कान चालतो. एका जमिनीच्या वादामुळे कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, हे लक्षात ठेवून खुर्च्या मांडणे. सलग दोन बुधवार न आलेल्याला फोन. सावई-वेरे आणि शिरोड्याच्या बाजूला जाणाऱ्यांची बस चुकू नये म्हणून पावणेसहाला आभार आटोपते घेणे.

सलग दोन बुधवार न आलेल्याला फोन, हे या यादीतले सर्वांत महागडे काम निघाले. दर आठवड्याला आठ-दहा फोन, प्रत्येकी दहा मिनिटे, कारण पलीकडचा माणूस गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळे सांगतो. मंडळ टिकले होते ते व्याख्यानांपेक्षा या फोनांवर. मास्तरांनी या चार आठवड्यांपुरते ते पुन्हा हाती घेतले होते; नव्या कार्यकारिणीने जूनपासून ते बंद केले होते. मुद्दाम नव्हे, ते काम आहे हेच कोणाला माहीत नव्हते. हजेरी एकवीसवर का आली, याचे उत्तर विषयांच्या निवडीत शोधत बसलेल्यांना ते वहीच्या चौथ्या पानावर मिळाले.

जमाखर्चातला अदृश्य दाता

याच वेळी खजिनदारांनी पहिल्यांदा वर्षभराचा हिशेब सरळ मांडला. ६४ जणांची वर्गणी १९,२०० रुपये. सभागृह प्रत्येक बैठकीला ४०० रुपये, ४४ बैठका, १७,६०० रुपये. शाल, नारळ, गुलाब मिळून दर वेळी ३०० रुपये, म्हणजे १३,२०० रुपये. चहा डब्यात पडणाऱ्या सुट्या पैशांत भागत असे, तो सोडला तरी खर्च ३०,८००. तूट ११,६०० रुपये. आणि तरीही मंडळावर कधी कर्ज नव्हते.

तूट मास्तर भरत होते, निवृत्तिवेतनातून, चौदा वर्षे. वर पेट्रोल आणि फोन वेगळे. सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर लोकांनी वर्गणी वाढवली असती आणि काही जण गळले असते, असा त्यांचा हिशेब. हेतू चांगला, परिणाम घातक: मंडळाला स्वतःचा खरा खर्चच माहीत नव्हता. संस्थापक बाजूला होतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे कष्ट जातात हे सगळ्यांना दिसते. त्याचे पाकीटही जाते, हे मार्चअखेरीला कळते. कोणतेही हस्तांतर सुरू करण्याआधी संस्थापकाला हा एक प्रश्न एकांतात, आदराने, पण नक्की विचारावा: मागच्या वर्षी तुमच्या खिशातून किती गेले?

शाल-श्रीफळ बंद करण्याचा ठराव सर्वांत लांबला. सभागृहाच्या भाड्यावर पाच मिनिटे चर्चा झाली, शालीवर पन्नास. शेवटी मास्तरांनीच सांगितले की वक्त्यांच्या घरी या शालींचे गठ्ठे पडलेले असतात. त्यांनी स्वतःच्या घरचा दाखवायची तयारी दर्शवली.

बाराच चिठ्ठ्या

४३ कामांपैकी नऊ सोडून द्यायची ठरली (शाल, छापील निमंत्रण, व्यासपीठावरचे फूल इत्यादी). उरलेली ३४ बारा चिठ्ठ्यांत बसवली. पद नाही, चिठ्ठी. प्रत्येक पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर, १६ पॉइंटच्या अक्षरात. एक जशीच्या तशी:

"चिठ्ठी ४. दार आणि खुर्च्या. महिन्याचा पहिला बुधवार, दुपारी ३.१५. वेळ: आधी ४५ मिनिटे, नंतर २० मिनिटे. किल्ली देवस्थानच्या कार्यालयातून १ च्या आत आणावी. फलकावरचे डावीकडून तिसरे बटण लावू नये, फ्यूज जातो. खुर्च्या ३५, पहिल्या रांगेत हातांच्या ६. मधले दोन पंखे बंद, नाहीतर माईकमध्ये घरघर येते. मुदत: ऑक्टोबर ते जानेवारी. अडचण आल्यास मंडळाचा फोन."

मुदत चार महिन्यांची ठेवली. गोव्यातले वर्ष तसेही तीन तुकड्यांत चालते: जून ते सप्टेंबर पाऊस आणि चवथ, ऑक्टोबर ते जानेवारी उघडीप, फेब्रुवारी ते मे जत्रा, शिगमो, लग्ने आणि घाम. वर्षभराचे पद मागितले तर सत्तरीतला माणूस "तब्येतीचा काय भरवसा" म्हणतो, आणि ते खरेही असते. चार महिने म्हटले की तो कॅलेंडर बघतो. मुदत संपली की चिठ्ठी आपोआप परत येते; पुढे चालू ठेवायची तर पुन्हा हात वर करायचा. काम सोडताना कोणाला कारण द्यावे लागत नाही, हा या पद्धतीचा खरा कणा आहे. पद सोडताना कारण द्यावे लागते, म्हणून लोक पद सोडत नाहीत आणि कामही करत नाहीत.

प्रत्येक चिठ्ठीवर दोन नावे. पहिल्या पाळीत दोन जोड्या पती-पत्नींच्या होत्या आणि दोन्ही एकाच आठवड्यात कोलमडल्या: लग्नाला दोघेही जातात. पुढच्या पाळीपासून नवरा-बायको एका चिठ्ठीवर नाहीत, आणि एकाच वाड्यावरचे दोघेही नाहीत, कारण देवळातला उत्सव आला की वाडाच्या वाडा गुंतलेला असतो.

फोनचे गाडे वेगळे सोडवले. एक साधा बटणांचा फोन आणि नवे सिम मंडळाने घेतले. ज्याच्याकडे 'फोन'ची चिठ्ठी, त्याच्याकडे यंत्र. जुन्या पत्रकांवरचा नंबर खोडून नवा लिहायला एक अख्खी सकाळ गेली. मास्तरांनी स्वतःचा नंबर बदलावा असे एकाने सुचवले. ते कोणी मनावर घेतले नाही हे बरे झाले. त्याऐवजी त्यांना एक वाक्य दिले: "ते आता दुसरे बघतात, नंबर लिहून घ्या." पहिले काही आठवडे ते हे वाक्य बोलायचे आणि वर कामही करून टाकायचे. दिवाळीनंतर फक्त वाक्य उरले.

मास्तरांना काय द्यायचे

'मार्गदर्शक' हे संस्थापकासाठी सर्वांत वाईट पद. काम नाही, पण मत देण्याचा पूर्ण हक्क. त्यांच्यासाठी दोन चिठ्ठ्या निघाल्या, इतरांसारख्याच मुदतीच्या. एक, चौदा वर्षांच्या वह्यांतून वक्ते, विषय आणि तारखा यांची सूची बनवणे. डोळे सुधारेपर्यंत ते सांगणार, दुसरा लिहिणार. दुसरी चिठ्ठी त्या आठ-दहा फोनांची. आयोजनाचे फोन त्यांच्याकडून काढून घेतले, माणसांचे फोन त्यांच्याकडेच ठेवले. जोडीला परिचारिकाबाई, म्हणजे आवाजावरून तब्येत ओळखणारे आणखी एक माणूस.

व्याख्यानाकडून गटाकडे

कामांची वाटणी बसल्यावरच शिकवण्याच्या पद्धतीला हात लावला. दोन्ही एकदम बदलले की काय बिघडले ते कळत नाही. ऑक्टोबरपासून व्याख्यान महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी. बाकी दिवशी छोटे अभ्यासगट, प्रत्येकी जास्तीत जास्त बारा जण, कारण बारानंतर गोल मोठा होतो आणि समोरच्याचे ऐकू येत नाही. वेळ सकाळी १० ते ११.४५. इथल्या शाळा दुपारी एकच्या सुमारास सुटतात आणि फाटकाशी उभे राहायचे काम आजी-आजोबांचे. बाराला न सुटलेला गट दुसऱ्या आठवड्यात अर्धा होतो.

चार गट निघाले. नाट्यपदांच्या गटाबद्दल फारसे सांगायला नको; फोंडा तालुक्यात तो न चालता तरच नवल. अडचण एकच, ऐकण्यापेक्षा गायला सगळे उत्सुक.

माटोळीच्या गटाने मात्र मंडळाची रचनाच हलवली. चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांची आणि वेलींची ओळख, हा विषय. कवंडळ, कांगणे, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग: कोणते कुठल्या डोंगराच्या कडेला मिळते, कधी पिकते, कोणते आता बाजारातच घ्यावे लागते. यातले जाणकार कोण? मागच्या रांगेत चौदा वर्षे न बोलता बसलेल्या बायका. निवृत्त अभियंते आणि अधिकारी वही काढून लिहू लागले. तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली: हजेरीपटावर यातल्या निम्म्या बायकांची नावेच नव्हती, त्या 'सौ.' म्हणून नवऱ्याच्या ओळीत होत्या. नियमात 'निवृत्त व्यक्ती' असा शब्द होता आणि घरकाम करणारी बाई कधी निवृत्त होत नाही. नियम बदलून 'वयाची ६० वर्षे पूर्ण' असा केला.

जुन्या पोर्तुगीज कागदांचा गट लहान, पण चिवट. १९६१ पूर्वी ज्यांनी शाळेत पोर्तुगीज शिकले ते आता पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. घरोघरी पडलेली खरेदीखते, वाटणीपत्रे, कोमुनिदादीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) कागद ते वाचू शकतात, पुढची पिढी शकत नाही. इथे घोळ तिसऱ्याच बैठकीत झाला. एकाने चालू दाव्यातला कागद आणला, दुसरा निघाला त्या दाव्यातल्या समोरच्या पक्षाचा मेव्हणा. तेव्हापासून नियम: कोर्टात किंवा घरात वाद चालू असलेला कागद आणायचा नाही, आणि गट कागद वाचतो, मालकी कोणाची ते सांगत नाही. त्यासाठी वकील.

मोबाईलचा गट पहिल्या बुधवारी व्याख्यानाआधी सभागृहातच बसतो. नोव्हेंबरमध्ये तिथे जत्रा भरते, कारण निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला. 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन दाखल्याची सोय २०१४ पासून आहे, आता चेहरा दाखवूनही दाखला होतो. पण मागे उजेडाची खिडकी असेल किंवा भिंगावर खोबरेल तेलाचा ठसा असेल तर चेहरा ओळखला जात नाही आणि माणूस घाबरतो की आपण हयात नाही. खिडकीकडे तोंड करून बसवावे, भिंग रुमालाने पुसावे, चष्मा काढून पाहावे. बहुतेकांचे तेवढ्यात होते. गटाचा कडक नियम असा की फोन मालकाच्याच हातात राहील, मदतनीस बोटाने दाखवेल, स्वतः दाबणार नाही, आणि पिन टाकताना मान वळवेल. फसवणुकीचा फोन आला तर १९३० हा क्रमांक, हे प्रत्येकाच्या कव्हरमध्ये चिकटवून दिले आहे.

गटांची सर्वांत चिवट बिघाडी एकच: गटप्रमुख व्याख्याता होतो. निवृत्त प्राध्यापक पहिली दहा मिनिटे चर्चा घेतात, मग उभे राहतात, आणि उभे राहिले की संपले. उपाय साधे होते. फळा काढून टाकला. प्रमुखाची खुर्ची दाराशी ठेवली, मध्यावर नाही. प्रत्येक बैठकीसाठी एका कागदावर तीन प्रश्न, आदल्या आठवड्यात वाटलेले. आणि कोणीही सलग दहा मिनिटांहून अधिक बोलायचे नाही, घड्याळ सर्वांत कमी बोलणाऱ्याच्या हातात. घड्याळाची युक्ती सगळ्यांत चालली. न बोलणाऱ्याला पहिल्यांदाच दुसऱ्याला थांबवायचा अधिकार मिळाला होता.

सहा जण गळाले. त्यांना व्याख्यानच हवे होते: आरामात बसावे, चांगले ऐकावे, कोणी आपल्याला काही विचारू नये. ही मागणी चुकीची नाही, आणि महिन्याला एक व्याख्यान त्यांना पुरले नाही.

कागदपत्रांचा भाग

मंडळ १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेले होते. इथे दोन गोष्टींत गल्लत होते. सदस्यत्वाचा नियम बदलणे हे उपविधीत सांगितलेल्या पद्धतीने होते. उद्दिष्ट बदलायचे, वाढवायचे किंवा आखडायचे असेल तर कलम १२ लागते: लेखी प्रस्ताव प्रत्येक सदस्याला विशेष सभेच्या दहा दिवस आधी, सभेत तीन-पंचमांश मते, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा, तिथे हजर असलेल्यांची पुन्हा तीन-पंचमांश. मंडळाच्या उद्दिष्टात 'व्याख्याने व अन्य शैक्षणिक उपक्रम' असे शब्द होते, म्हणून गट त्यातच बसले आणि ही कसरत टळली. नवे मंडळ नोंदणाऱ्यांनी 'अन्य' हा शब्द विसरू नये. कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत निबंधकाकडे द्यायची असते. चौदापैकी अकरा वर्षे ती गेलीच नव्हती.

कार्यकारिणी कायद्यासाठी ठेवली, पण सातच जणांची. बाकी चिठ्ठ्या.

बँकेचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि टाळू नये असे. जुने खाते मास्तर आणि एका दिवंगत सदस्याच्या सह्यांवर, दोघांच्याही सह्या आवश्यक. म्हणजे व्यवहार अडून होता आणि वर्गणी एकाच्या खासगी यूपीआयवर जमा होत होती. ठरावाची प्रत, नव्या सह्या करणाऱ्यांची ओळखपत्रे आणि मृत्यूचा दाखला देऊन तीनपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या अशी व्यवस्था झाली. तिघांपैकी एक जण साठ-पासष्टच्या दरम्यानचा असावा, हा कायदा नाही, शहाणपण आहे.

नव्या वर्षाचा अंदाज: सभागृह १२ वेळा, ४,८०० रुपये, तीन गटांच्या ६० बैठकांना शाळेच्या वर्गाचे वीज-सफाईचे १०० रुपये प्रमाणे ६,०००, छपाई आणि फोन २,५००. एकूण १३,३००. ५८ जणांची वर्गणी १७,४००. शिल्लक ४,१०० आणि कोणाच्या खिशातून काही नाही.

फेब्रुवारीची पाळी

चिठ्ठ्या पहिल्यांदा परत आल्या तेव्हा त्या टेबलावर उलट्या न ठेवता सुलट्या मांडल्या आणि लोकांना फिरून बघायला वीस मिनिटे दिली. नावे पुकारून विचारले की माणूस भिडेने हो म्हणतो आणि तिसऱ्या आठवड्यात गायब होतो. बारापैकी सात चिठ्ठ्या नव्या हातांत गेल्या, चार जुन्यांनीच पुन्हा उचलल्या. मास्तरांनी बारांबाहेरची सूचीची चिठ्ठी परत केली, काम संपले म्हणून, फोनांची ठेवली.

मोबाईलच्या गटाला दुसरा प्रमुख मिळाला नाही. होते ते वीज खात्यातले, आणि एप्रिलमध्ये ते दोन महिने मुलीकडे बंगळूरला जाणार होते. त्या गटाला तेवढे दिवस सुट्टी ठरली.

चहाची चिठ्ठी कोणीच उचलली नाही. नियम ठरलेला होता: न उचललेले काम बंद. मार्चच्या पहिल्या बुधवारी चहा नव्हता, बरीच कुरकुर झाली, कोणीतरी मास्तरांकडे पाहिले आणि मास्तर खिडकीबाहेर पाहत राहिले. एप्रिलमध्ये शिरोड्याच्या एका बाईंनी घरून दोन थर्मास आणले, एकावर चिकटपट्टीने 'बिनसाखर' लिहिलेले. चिठ्ठी घ्या म्हटल्यावर म्हणाल्या, "या महिन्यापुरतं आणलंय."